महापुरानंतरची धास्ती, पॅनिक अटॅक आणि उपचार: कोल्हापूर-शिरोळकरांसाठी माहितीचा धागा

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

जुलै लागला की आपल्याकडं एकच प्रश्न: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं, शहरात शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारमळा, सगळीकडं घरांत पाणी. पुढं पंचनामे झाले, भिंतींना रंग लागला, फ्रीज-कपाटं नवी आली. पण पाऊस धरला की रात्रभर जागणारी, छातीत धडधडतंय म्हणून इसीजी काढणारी आणि "सगळं नॉर्मल आहे" ऐकून घरी परतणारी माणसं अजून आहेत. हा धागा त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

इथं या विषयातले जाणकार सदस्य बरेच आहेत. सगळ्यांना विनंती, नेमकं लिहा. काय करायचं, किती वेळ करायचं, कुठं चुकतं. कुणाच्याही ओळखीचा उल्लेख नको.

सुरुवात मी करतो. पुरानंतर पहिले काही दिवस झोप उडणं, बारीक आवाजानं दचकणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, उगाच चिडचिड होणं किंवा अगदी काहीच न वाटणं, हा आजार नव्हे. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. महिना उलटून गेला, तरी त्रास तसाच आहे आणि त्यापायी कामधंदा, घर, झोप बिघडली आहे, तर मात्र आघातोत्तर ताण विकाराचा, म्हणजे पीटीएसडीचा, विचार करावा लागतो.

त्यात चार गोष्टी बघतात. प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडत असल्यासारखा अंगावर येतो: स्वप्नांत, जागेपणी, चिखलाच्या किंवा ओल्या भिंतीच्या वासानं. दुसरं, टाळाटाळ: नदीचा रस्ता, पुराचा विषय, घरातली ती एक खोली. तिसरं, विचार आणि मन काळवंडणं: "माझ्यामुळं झालं", "आता कुठंच सुरक्षित नाही", कशातच जीव न रमणं. चौथं, शरीर कायम पहाऱ्यावर: झोप नाही, राग नाकावर, कान सतत पावसाकडं.

नुसती झोप लागत नाही म्हणजे पीटीएसडी नव्हे. पुरानंतर नैराश्य, सर्वसाधारण चिंताविकार आणि दारू वाढणं हेही भरपूर दिसतं, आणि त्यांचे उपचार थोडे वेगळे आहेत.

गुऱ्हाळघर

चांगला धागा काढलासा. एक शंका. लोक म्हणतात 'भीती मनातली आहे, काढून टाक'. पण भावा, पूर खरंच येतोय की! 2005, 2019, 2021. ज्याच्या घरात दोनदा पाणी शिरलंय त्यानं घाबरायचं नाही तर काय करायचं? ह्याला आजार कसं म्हणायचं?

कृष्णातीर

गुऱ्हाळघर दादा, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं बरोबर आहे. इथली भीती बिनबुडाची नाही. 'काही होणार नाही' असं सांगणारा समुपदेशक आपल्या भागात पहिल्याच पावसाळ्यात तोंडघशी पडेल. म्हणून भीती खरी की खोटी हा वाद घालायचाच नाही. ती भीती माणसाकडून काय करून घेते, ते बघायचं. भीतीपोटी माणूस दोन प्रकारची कामं करतो: एक तयारी आणि दुसरी चाळवाचाळव. वरवर दोन्ही सारखी दिसतात.

तयारी एकदा केली की संपते. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवली, झालं. चाळवाचाळव संपत नाही. दर दहा मिनिटांनी व्हॉट्सॲप गट उघडून पातळी बघणं, राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याची बातमी चार ठिकाणी पडताळणं, रात्री तीनदा उठून दारात बॅटरी मारणं, पुण्यातल्या लेकाला पुन्हा पुन्हा फोन करून "काही होणार नाही ना?" विचारणं. बघितल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं, आणि म्हणूनच पुन्हा बघावंसं वाटतं. दर वेळी मेंदू एवढंच शिकतो की आपण बघितलं म्हणून वाचलो. चिंता टिकते ती यानं.

यावर उपाय म्हणजे पूर-तक्ता. हे काम मे महिन्यात, ऊन असताना, घरातल्या सगळ्यांनी बसून करायचं.

एका कागदावर आपल्या घराचे आकडे लिहा. 2019 आणि 2021 मध्ये बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, किती असताना उंबऱ्याला लागलं. 43 हा राजाराम बंधाऱ्यावरचा धोक्याचा आकडा झाला, तुमच्या घराचा वेगळा असेल. सखल भागात त्याआधीच पाणी येतं. लक्षात नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवरची रेघ बघा.

मग प्रत्येक आकड्यापुढं काम आणि ते करणाराचं नाव. उदाहरणार्थ, 39 ला कागदपत्रं, औषधं, चार्जर, दोन दिवसांचे कपडे एका पिशवीत. म्हशी कुणाच्या गोठ्यात न्यायच्या ते ठरलेलं, गाडीवाल्याला फोन. आपल्या गल्लीच्या आकड्याच्या दोन फूट आधी म्हातारी माणसं, पोरं आणि जनावरं बाहेर. 'बघू पाणी चढतंय का' हे वाक्य तक्त्यात नको. तिथंच घोळ होतो.

पातळी बघण्याच्या वेळाही लिहायच्या. 39 च्या खाली असताना सकाळी 8 आणि रात्री 8, बास. 39 च्या वर गेली की दर तीन तासांनी, आणि घरातल्या एकाच माणसानं बघून बाकीच्यांना सांगायचं. स्रोत एकच, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची माहिती. प्रशासनानं बाहेर पडा म्हटलं की तक्ता बाजूला ठेवायचा आणि निघायचं.

मधल्या वेळेत बघावंसं वाटलं तर "8 वाजता बघणार आहे" एवढंच स्वतःला सांगायचं आणि हातातलं काम पुढं न्यायचं. पहिले तीन-चार दिवस अस्वस्थता वाढते. वाढणारच. त्या दिवसांत बहुतेकजण माघार घेतात आणि 'हे आपल्याला जमत नाही' असा निष्कर्ष काढतात. घरच्यांनी त्या वेळी आकडा सांगून शांत करायला जाऊ नये. "आठला बघूया, तोवर चहा टाकतेस का?" एवढं पुरतं.

मिरजकर_तिकटी

कृष्णातीर ताई, पूर-तक्त्यात एक भर. ज्यांच्या मानसिक आजाराच्या, फिटच्या, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पावसाळ्यात किमान 15 दिवसांचा साठा घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की माल येत नाही, निवारा केंद्रात हवी ती गोळी मिळतेच असं नाही. नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या एकदम तुटल्या की चक्कर, घाम, उलटी, भयंकर बेचैनी होते आणि घरच्यांना वाटतं पुराच्या धक्क्यानं झालं. फिटच्या गोळ्या तुटल्या तर सरळ झटका येतो.

शब्दवेल

पॅनिक अटॅक आला की नेमकं काय करायचं ते कुणी सांगेल का? नेटवर 'दीर्घ श्वास घ्या' एवढंच लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना त्यानं उलट जास्त गरगरतं.

दुधाळी_मैदान

गरगरणारच. 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला अर्धवट आहे.

भीतीच्या वेळी माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात मोठमोठे श्वास घातले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी खाली जातो. त्यामुळं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं, हात वाकडे होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं. यातलं काही प्राणवायू कमी पडल्यामुळं होत नाही, पण माणसाला तसंच वाटतं आणि तो अजून जोरात श्वास ओढतो.

भर श्वास सोडण्यावर द्यायचा. नाकानं 4 मोजेपर्यंत साधा श्वास, छाती फुगवायची नाही, पोट हलू द्यायचं. मग 6 मोजेपर्यंत हळू सोडायचा, कढत चहावर फुंकर घालावी तसा. मिनिटाला साधारण 6 श्वास होतात. 5 मिनिटं. 4 आणि 6 जड जात असेल तर 3 आणि 4 ने सुरू करा. सोडणं लांब असलं म्हणजे झालं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर त्यानं जिवावर बेतेल.

सराव शांत असताना करायचा, सकाळ-संध्याकाळ 5-5 मिनिटं, दोन आठवडे. फक्त झटक्याच्या वेळी आठवायला गेलात तर जमत नाही.

डोळ्यांसमोर पूरच दिसायला लागला, आपण आत्ता कुठं आहोत याचं भान सुटायला लागलं, तर श्वासापेक्षा इंद्रियांचा आधार बरा. दिसणाऱ्या 5 वस्तू मोठ्यानं म्हणा, हाताला लागणाऱ्या 4, ऐकू येणारे 3 आवाज, 2 वास, 1 चव. सोबतच्यानं तारीख-वार सांगावा: "आज गुरुवार, आपण माडीवर आहोत, फरशी कोरडी आहे, हात लावून बघ." फरशीला खरोखर हात लावायला लावा. त्याला गदागदा हलवणं, तोंडावर पाणी मारणं टाळा. पाण्याचाच धसका घेतलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारलं तर काय होईल, विचार करा.

पॅनिकचा झटका बहुधा 10 मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. 'हा उतरणारच' हे माहीत असणं हा निम्मा उपचार आहे.

पण एक गोष्ट आधी. पहिल्यांदाच छातीत दुखतंय, वय चाळिशीच्या पुढं आहे, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय, घाम फुटलाय, जिना चढताना वाढतंय, तर हे श्वासाचे प्रकार करत बसू नका. 108 लावा, इसीजी काढा. तसंच कधीतरी एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 आणि शुगर तपासून घ्यावी. थायरॉइड वाढलेलं असेल तर हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. दिवसाला सात-आठ कप चहा आणि सोबत मावा-तंबाखू असेल तर आधी ते कमी करून बघा, धडधड बरीच उतरते.

पंचगंगाकाठ

दुधाळी_मैदान, फार उपयोगी प्रतिसाद. आता टाळाटाळीबद्दल कुणी लिहा. नदीकडची वाटच सोडून दिलेली माणसं आहेत. त्यांना एकदम घाटावर नेऊन उभं करायचं का?

कृष्णातीर

एकदम नको. आणि अजिबात नको असंही नको. मधला रस्ता म्हणजे पायऱ्या.

0 म्हणजे काहीच भीती नाही, 100 म्हणजे याहून जास्त शक्य नाही, अशी पट्टी धरायची. मग त्या माणसाच्याच तोंडून प्रसंग काढून घ्यायचे आणि त्यांना आकडे द्यायचे. शिडी साधारण अशी दिसते:

उन्हाळ्यातल्या पंचगंगेचे फोटो बघणं, 20. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज मोबाइलवर ऐकणं, 30. रिक्षानं दिवसाउजेडी शिवाजी पुलावरून जाणं, 40. सकाळी घाटावर अर्धा तास बसणं, 50. घरातल्या त्या खोलीत उभं राहून भिंतीवरची पाण्याची रेघ नीट बघणं, तिच्यावर हात फिरवणं, 65. भर पावसात छत्री घेऊन गल्लीत फिरणं, 70. पाऊस चालू असताना रात्रीचा आकडा 8 ला बघून नंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणं, 85.

सुरुवात 30-40 च्या पायरीपासून. आठवड्यातले 4-5 दिवस, एका वेळी 30 ते 45 मिनिटं. सुरू करण्याआधी वहीत एक ओळ: काय होईल असं वाटतंय? "मला चक्कर येऊन मी पडेन." झाल्यावर दुसरी ओळ: काय झालं? "धडधडलं, घाम आला, पडलो नाही." ही दोन वाक्यं समोरासमोर आली की मेंदूला नवं काही शिकायला मिळतं. भीती शून्यावर यायची वाट बघायची नाही. ती असतानाही आपण तिथं थांबू शकतो, हे कळणं पुरेसं.

चुकतं कुठं? भीती ऐन शिगेला असताना पळ काढला तर टाळाटाळ आणखी पक्की होते. म्हणून पायरी एवढीच उंच घ्यायची की थांबता येईल. दुसरी चूक, घाटावर बसून पूर्ण वेळ मोबाइलमध्ये डोकं घालणं किंवा जप करत डोळे मिटून घेणं. देवाचं नाव जरूर घ्या, पण डोळे उघडे ठेवून, पाण्याकडं बघत. तिसरी, आठवड्यातून एकदाच करणं. आणि चौथी, घरच्यांनी घाई करणं: "काल पुलावरून गेलास ना, आज घाटावर चल."

खऱ्या पुराच्या पाण्याजवळ जाणं हा सराव नाही. इशारा पातळीच्या वर नदी असताना घाट, पूल, बंधारा या सगळ्या पायऱ्या बंद.

आपल्याच खोऱ्यात नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात चढून दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक भक्तीनं स्नानाला जातात. चढतं पाणी म्हणजे फक्त संकट, असं इथल्या माणसाचं पूर्वापार नातं नव्हतं. शिडी करताना पेशंटच्या अशा जुन्या, चांगल्या आठवणी विचारून घ्याव्यात. वरच्या पायऱ्यांसाठी त्यांचा मोठा आधार होतो.

हे झालं बाहेरच्या जागांबद्दल. प्रत्यक्ष आठवणीवरचं काम, म्हणजे जे घडलं ते पुन्हा सविस्तर सांगणं, हे घरी करू नका. ते प्रशिक्षित थेरपिस्टबरोबरच.

रंकाळा_टॉवर

त्या कामाबद्दल मी लिहितो, कारण 'सारखं उकरून काढतात' या धास्तीनं लोक थेरपीला जात नाहीत.

पुरावा भक्कम असलेल्या पद्धती प्रामुख्यानं तीन. प्रोलाँग्ड एक्सपोजर: 8 ते 15 सत्रं, एकेक साधारण दीड तासाचं. पेशंट डोळे मिटून, वर्तमानकाळात प्रसंग सांगतो: "पाणी गुडघ्याला लागलंय, दावं सोडायचंय, गाठ सुटत नाही." तीस-चाळीस मिनिटं, पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते घरी रोज ऐकायचं असतं. वर कृष्णातीर ताईंनी सांगितलेली शिडी हाही याच उपचाराचा भाग. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी: साधारण 12 सत्रं, भर विचारांवर. "मी दावं आधी सोडलं असतं तर म्हैस वाचली असती" हे वाक्य घेऊन त्या क्षणी काय माहीत होतं, किती वेळ होता, दुसरा कोणता पर्याय खरोखर हातात होता, हे कागदावर तपासलं जातं. ज्यांना भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त खातो त्यांना ही फार लागू पडते. तिसरी ईएमडीआर: फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 च्या सुमारास सुरू केलेली, आठ टप्प्यांची. आठवण मनात धरून डोळे थेरपिस्टच्या बोटामागं डावी-उजवीकडं फिरवायचे. डोळ्यांच्या हालचालीचा स्वतंत्र वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे, उपचार म्हणून तिचा उपयोग होतो याबद्दल फारसा नाही.

तिन्हींत पहिल्या दोन-तीन सत्रांनंतर स्वप्नं थोडी वाढू शकतात. थेरपी बाधली असं समजून तिथंच सोडणारे फार. थेरपिस्टनं हे आधीच सांगायला हवं.

आता एक कळकळीची विनंती, पूरग्रस्त भागात मदतीला जाणाऱ्यांना. पहिल्या आठवड्यात माणसांना गोल बसवून "काय काय झालं, मन मोकळं करा" अशी सामूहिक सत्रं घेऊ नका. एकाच बैठकीत प्रसंग वदवून घेतल्यानं पुढचा पीटीएसडी टळत नाही, काहींना तर त्रास वाढतो, हे अभ्यासांतून पुढं आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा बघा-ऐका-जोडून द्या एवढाच. कोण एकटं पडलंय ते बघा. त्याला जेवढं बोलायचंय तेवढंच ऐका. आणि त्याला ज्याची गरज आहे तिथं जोडून द्या: कोरडी चादर, चार्जिंग, हरवलेल्या माणसाचा पत्ता, पंचनाम्याचा फॉर्म. तलाठी, पत्रकार, संस्था, पुढारी असं चौघांना एकच हकिगत सांगून माणूस थकलेला असतो. पाचवा विचारणारा तुम्ही होऊ नका.

शब्दवेल

गोळ्यांबद्दल? एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात, मेंदू सुन्न होतो, असं सगळीकडं बोलतात.

मिरजकर_तिकटी

शब्दवेल, दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या लोक एकत्र करतात, गोंधळ तिथं आहे.

एक जात एसएसआरआय, म्हणजे सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम वगैरे. चिंता, पॅनिक, पीटीएसडीसाठी सहसा यांपासून सुरुवात. यांचं व्यसन लागत नाही. डोस छोट्यावरून चढवतात, सर्ट्रालिन बहुधा 25 किंवा 50 मिलिग्रॅमपासून. पहिले 7-10 दिवस मळमळ, जुलाब, डोकेदुखी, कधी बेचैनी उलट वाढणं. गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी दिसतो आणि फायदा नंतर, म्हणून दहाव्या दिवशी 'मानवली नाही' म्हणत लोक बंद करतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. बरं वाटल्यावरही किमान 6 महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग आठवड्या-आठवड्यानं उतरवत बंद करतात. जन्मभर घ्याव्या लागतात हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही. लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम बऱ्याच जणांना होतो. संकोच न करता डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा पूर्वी कधी अति उत्साहाचे, झोपेविना राहण्याचे दिवस गेले असतील, तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं.

दुसरी जात बेन्झोडायझेपिन: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. अर्ध्या तासात शांत वाटतं. सुन्नपणा आणि सवय या दोन्ही तक्रारी मुख्यतः यांच्या. काही आठवडे रोज घेतल्या तरी शरीराला सवय लागते, डोस वाढत जातो, अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. म्हाताऱ्या माणसांचा रात्री तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र ताणाच्या लक्षणांसाठी या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. तरीही निवारा केंद्रात 'जरा झोप लागूदे' म्हणून वाटल्या जातात, शेजारीण शेजारणीला देते. हे थांबायला पाहिजे. ज्यांच्या आधीपासून चालू आहेत त्यांनी मात्र हे वाचून एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्याव्यात.

गुऱ्हाळघर

आणि दाखवायचं कुठं? पेठेत एकानं बोर्ड लावलाय 'माइंड थेरपिस्ट', दुसरा संमोहन करतोय. खेड्यातल्या माणसाला काय कळणार कोण खरा?

रंकाळा_टॉवर

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) केलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते, क्रमांक विचारा, खरा माणूस राग न मानता सांगेल. समुपदेशक या शब्दाला मात्र अजून तसं कायद्याचं कुंपण नाही. शिक्षण कुठलं, आघातावरच्या कामाचं प्रशिक्षण घेतलंय का, साधारण किती सत्रं लागतील, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचे. 'एका बैठकीत मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्याकडून उठून यायचं.

सरकारी सोय म्हणजे सीपीआरमधली, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयातली, मानसोपचार ओपीडी. केसपेपर काढायचा, जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शक्यतो घरातलं एक माणूस सोबत. तक्रार नुसती 'झोप नाही' अशी सांगू नका. कधीपासून, किती वाजता जाग येते, काय टाळताय, कामावर किती खाडे झाले, एका कागदावर लिहून न्या. गर्दीत डॉक्टरकडं वेळ थोडा असतो, हा कागद फार कामाला येतो.

गावातून येणं जमत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. त्याच कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा.

दुधाळी_मैदान

अंगात येणं, देवऋषी हा विषय कुणी काढला नाही, म्हणून थोडक्यात. जोतिबाला, आंबाबाईला जाऊन मन शांत होत असेल तर कुठलाही शहाणा डॉक्टर आडवा येणार नाही. अंगारा लावा आणि गोळीही घ्या, दोन्हींचं भांडण नाही. पण देवऋषानं गोळ्या बंद करायला सांगितल्या, किंवा बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी असलं सुरू केलं, तर तिथून माणसाला उचलून आणायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आणि लहान मुलं. ती बोलून दाखवत नाहीत. अंथरूण ओलं करायला लागतात, आईला चिकटतात, पूर-पूर खेळत राहतात, पोट दुखतंय म्हणून शाळा टाळतात. खेळ थांबवू नका, पण खेळात बोट येऊन सगळ्यांना वाचवते असा शेवट सुचवा. शाळा लवकर सुरू करणं, झोपायची वेळ पक्की ठेवणं, आणि पूर-तक्त्यात मुलाला एक खरं काम देणं, उदाहरणार्थ मांजराची टोपली. महिन्याभरात फरक नसेल तर दाखवा.

शब्दवेल

शेवटची शंका. कर्ज, बुडालेला ऊस, आणि माणूस एकदम गप्प झालाय. विचारलं तर 'माझं काय खरं नाही आता' म्हणतो. त्याला मरणाचे विचार येतात का असं थेट विचारलं तर उलट डोक्यात घातल्यासारखं होणार नाही का?

कृष्णातीर

नाही होत. विचारा, आणि स्पष्ट शब्दांत विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहे का?" विचारल्यानं तो विचार नव्यानं पेरला जात नाही, उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं कुणाला तरी दिसलं असं वाटतं. "असं बोलायचं नसतं, पोरांकडं बघ" हे मात्र म्हणू नका, तिथं तो बोलणं बंद करेल.

"हो" म्हणाला आणि काही ठरवलंय असं कळलं, तर त्याच दिवशी सीपीआर किंवा जवळचा मनोविकारतज्ज्ञ. तोवर एकटं सोडायचं नाही. शेतीचं तणनाशक-कीटकनाशक, दोर, साठवलेल्या गोळ्या घराबाहेर काढा, शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा. हे काम सगळ्यात आधी, कारण तो तीव्र क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळात हाताशी साधन नसणं माणसाला वाचवतं. दारूची बाटलीही त्यातच धरा. रात्रीची वेळ असेल तर 14416, आणि काही करून बसला असेल तर 108. पोलिस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. 2017 च्या कायद्यानं असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे तो धोका पुन्हा असतो. पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच दवाखान्यातून बाहेर पडा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण जाणार ते आजच ठरवा.